जन्मतारीख आणि नेमणुकीची तारीख

‘वय निघून गेले, आता पगार वाढायचा नाही आणि परमनंटही व्हायचे नाही, मग हे शिकवणे सोडून द्यावे का?’ हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील महाविद्यालयांत ‘गेस्टवर’ असलेले, म्हणजे अतिथी व्याख्याते म्हणून शिकवणारे, चाळिशीच्या आगेमागचे लोक तो विचारतात. बहुतेक वेळा ते झोप लागत नाही, पित्त वाढले आहे किंवा घरात चिडचिड होते अशी तक्रार घेऊन येतात, आणि हा प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बाहेर पडतो. ज्या सरांची हकिगत येथे सांगते आहे त्यांनी मात्र तो पहिल्या दहा मिनिटांतच विचारला होता. त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून ती लिहीत आहे.

२०२४ च्या जुलैमध्ये, टिळकवाडीतल्या माझ्या खोलीबाहेर पाऊस कोसळत असताना, ते भिजलेली छत्री दाराबाहेर उघडी ठेवून आत आले. वय ४३, विषय अर्थशास्त्र. २००८ पासून सीमाभागातल्या एका शासकीय पदवी महाविद्यालयात अतिथी व्याख्याते. राहायला वडगावात, वडील यंत्रमागावर साड्या विणणारे, आता थकलेले. पत्नी एका सहकारी पतसंस्थेत कारकून, मुलगी आठवीत. सकाळची बस पकडून सोळा वर्षे ते त्याच कॉलेजला जात होते, आणि दर शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला नव्याने अर्ज भरून, यादीत आपले नाव लागते की नाही याची वाट पाहत होते.

आदल्या महिन्यात त्यांच्या विभागात एक नवीन सहायक प्राध्यापिका रुजू झाली होती. २०२१ साली कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाने १,२४२ पदांची जी जाहिरात काढली होती, त्या भरतीतून ती आलेली. वय २९. बी.ए.ला असताना ती याच सरांच्या वर्गात पुढच्या बाकावर बसत असे. रुजू झाल्यावर तिने सर्वांसमक्ष वाकून त्यांना नमस्कार केला आणि विभागप्रमुखांनी हसत म्हटले, ‘‘बघा, शिष्या गुरूच्या पुढे गेली.’’ बोलणाऱ्याच्या मनात काही नसावे. परंतु त्या दिवसापासून सरांनी स्टाफरूममध्ये चहा घेणे बंद केले. तासाला जायचे, तास संपला की ग्रंथालयात जाऊन बसायचे आणि बसची वेळ झाली की निघायचे. मेहुणीचा साखरपुडा होता, तिकडेही गेले नाहीत, कारण तिथे साडू भेटणार आणि ‘परमनंट झाला काय?’ हे विचारणार.

येथे माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगितली पाहिजे. त्यांचे बोलणे ऐकून मी धीर देण्याच्या घाईत म्हणून गेले, ‘‘सर, वय हा नुसता आकडा असतो.’’ ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि शांतपणे म्हणाले, ‘‘मॅडम, माझ्या बाबतीत तो पगाराचा आकडा आहे.’’ त्यानंतरची अर्धी भेट औपचारिक बोलण्यात गेली. पुढच्या आठवड्यात ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. समोरच्या माणसाचे दुःख नेमके कोणत्या व्यवहारात रुतलेले आहे हे न समजता दिलेला धीर त्याला स्वतःची थट्टा वाटतो, हे इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर मला पुन्हा शिकावे लागले. त्या तीन आठवड्यांत मी एका निवृत्त प्राध्यापक स्नेह्यांना गाठले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची नियमावली त्यांच्यासमोर बसून कलमामागून कलम समजावून घेतली. समुपदेशकाने वेतनश्रेण्या कशाला वाचायच्या, असे कोणी विचारील. या प्रकारच्या चिंतेत त्या वाचल्याशिवाय गत्यंतर नसते, असे माझे मत झाले आहे.

चौथ्या आठवड्यात सर परत आले. पत्नीने पाठवले म्हणून आले, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. या वेळी मी आधी माफी मागितली आणि मग त्यांच्यापुढे एक कोरा कागद ठेवला. त्यांच्या स्टाफरूममधली तीन माणसे त्यावर लिहायची: ते स्वतः, त्यांची विद्यार्थिनी, आणि विभागातले सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापक, ज्यांचे वय ५७ होते. प्रत्येकापुढे पाच रकाने: जन्म, पात्रता परीक्षा, पीएच.डी., नियमित नेमणूक आणि आजची श्रेणी. जिथे ठाऊक नाही तिथे रिकामे सोडायचे. सरांना हा खेळ बालिश वाटला असावा, पण अर्थशास्त्राचे शिक्षक असल्यामुळे तक्ता दिसताच त्यांचा हात आपोआप चालू लागला.

ज्येष्ठांची ओळ आधी भरली गेली. १९९६ ची नियमित नेमणूक. पीएच.डी. नाही. त्यांच्या काळातल्या नियमांनी महाविद्यालयीन शिक्षकाला पीएच.डी.शिवायही सहयोगी प्राध्यापकाच्या श्रेणीपर्यंत जाता येत होते आणि ते गेले. आजच्या वेतनतक्त्यात ही श्रेणी १३-अ आहे आणि ती १,३१,४०० रुपये मूळ वेतनापासून सुरू होते; मागच्या वार्षिक वेतनवाढी धरल्या तर त्यांचे मूळ वेतन त्याच्याही बरेच वर. शिवाय कर्नाटकात १ एप्रिल २००६ पूर्वी नेमले गेलेले असल्यामुळे जुनी निवृत्तिवेतन योजना. मात्र प्राध्यापक हे पद त्यांना बंद, कारण त्याला पीएच.डी. लागतेच. ‘‘तेही रडतच असतात,’’ सर म्हणाले. ‘‘आम्ही तीस वर्षे खडू झिजवला आणि आता कालची पोरे पेपर छापून प्रोफेसर होणार, असं त्यांचं म्हणणं.’’

विद्यार्थिनीची ओळ त्यांनी भराभर भरली. मत्सराला माहिती फार अचूक असते. २४ व्या वर्षी नेट (देशपातळीवरची पात्रता परीक्षा), २८ व्या वर्षी पीएच.डी., २९ व्या वर्षी नियमित नेमणूक, श्रेणी १०, मूळ वेतन ५७,७०० आणि त्यावर महागाई भत्ता व घरभाडे भत्ता. मी त्यांना हिशेब पुढे न्यायला सांगितले. पीएच.डी. असलेल्या सहायक प्राध्यापकाला चार वर्षांनी श्रेणी ११, पीएच.डी. नसेल तर सहा वर्षांनी. तिथून पाच वर्षांनी श्रेणी १२. तिथून तीन वर्षांनी १३-अ, आणि या टप्प्याला आता पीएच.डी. बंधनकारक, आणखी तीन वर्षांनी, पुरेसे संशोधनलेख असतील तर, श्रेणी १४, म्हणजे प्राध्यापक, मूळ वेतन १,४४,२०० पासून. त्यांनी बोटांवर मोजले: तेहतीस, अडतीस, एक्केचाळीस, चव्वेचाळीस. आकडा लिहून झाल्यावर पेन खाली ठेवून ते म्हणाले, ‘‘म्हणजे माझ्या आजच्या वयापेक्षा एक वर्ष जास्त असताना ती प्रोफेसर होईल.’’

कागदावर हे उतरल्यामुळे दुःख वाढले की कमी झाले, हे त्या क्षणी सांगता आले नसते. परंतु एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. पगाराचा एकही आकडा जन्मतारखेच्या रकान्यातून निघालेला नव्हता. ५७ वर्षांच्या माणसाला अधिक मिळते ते ५७ वर्षांचा आहे म्हणून नव्हे, १९९६ मध्ये नियमित नेमणूक झाली म्हणून. आणि २९ वर्षांची मुलगी ४३ वर्षांच्या माणसाच्या पुढे गेली तीही वयाने नव्हे, चौथ्या, म्हणजे नियमित नेमणुकीच्या रकान्यामुळे. त्या तिघांतल्या एकालाही सरकारने वय पाहून पगार दिलेला नव्हता.

आता त्यांची स्वतःची ओळ. जन्म १९८१. पात्रता परीक्षेपुढे त्यांनी ‘सेट’, म्हणजे राज्यपातळीवरची पात्रता परीक्षा, असे लिहिले आणि थांबले. ३१ व्या वर्षी कोल्हापूरच्या केंद्रावर जाऊन त्यांनी महाराष्ट्र-गोव्याची सेट परीक्षा दिली होती, कारण तिथे प्रश्नपत्रिका मराठीतही असते आणि त्यांचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झालेले. पहिल्याच प्रयत्नात ते उत्तीर्ण झाले, वडगावात पेढे वाटले. परंतु १ जून २००२ पासून झालेल्या सेट परीक्षांची पात्रता ज्या राज्याने ती परीक्षा घेतली त्याच राज्यात चालते. म्हणजे घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर असलेल्या चंदगड तालुक्यात हे गृहस्थ पात्र आणि वडगावात, खानापुरात, बेळगावात अपात्र. सीमाभागातली माणसे अशा गोष्टींवर हसायला शिकलेली असतात. सरही हसले, पण डोळ्यांत हसू नव्हते.

‘‘तुम्हांला हे ठाऊक होते?’’ मी विचारले.

‘‘होतं. के-सेट, म्हणजे कर्नाटकची सेट, देऊ, देऊ म्हणत राहिलो. तिथं इंग्रजी आणि कन्नड. बाजारातलं कन्नड मला फाडफाड येतं, लिहायला बसलं की हात थांबतो. आणि खरं सांगू, एकदा पास झालेली परीक्षा पुन्हा द्यायची म्हणजे पहिली फुकट गेली असं कबूल करणं.’’

मला वाटते, सबंध समुपदेशनातले हे सर्वांत खरे वाक्य होते. इतकी वर्षे ‘मी पात्र आहे, फक्त जागा निघत नाहीत’ असे ते स्वतःला आणि घरच्यांना सांगत आले होते. जागा निघाल्या, १,२४२ निघाल्या, तेव्हा अर्ज भरण्यास जी पात्रता लागत होती ती त्यांच्याकडे नव्हती, आणि ही गोष्ट त्यांनी पत्नीलासुद्धा सांगितलेली नव्हती. घरी ‘वयामुळे राहिलं’ असे सांगितले होते. वय ही सांगायला सोपी सबब होती. तिच्यात आपली चूक नसते आणि ती वर्षागणिक बळकटही होत जाते.

सबब हा शब्द मी वापरला, तो त्यांना दोष देण्यासाठी नाही. अतिथी व्याख्यात्यांच्या बाबतीत जे घडते ते एकट्यादुकट्याच्या आळसाने घडत नाही. राज्यातल्या शासकीय पदवी महाविद्यालयांचे काम वर्षानुवर्षे मोठ्या प्रमाणावर या लोकांच्या जिवावर चालले आहे. जानेवारी २०२२ पर्यंत पात्रताधारक अतिथी व्याख्यात्याला महिना १३,००० आणि अपात्राला ११,००० रुपये मिळत होते. त्या वेळी ते वाढवून आठवड्याच्या पंधरा तासांच्या कार्यभारासाठी २६,००० ते ३२,००० रुपये करण्यात आले: पात्रता आणि पाच वर्षांचा अनुभव असेल तर ३२,०००, पात्रता आहे पण अनुभव कमी असेल तर ३०,०००, पात्रता नसेल तर अनुक्रमे २८,००० आणि २६,०००. तास प्रत्येकी वाढल्यामुळे पूर्वी दोघांत वाटले जाणारे काम एकाकडे गेले आणि कित्येकांचे होते तेही गेले. पुढे दीर्घ आंदोलनानंतर जानेवारी २०२४ मध्ये अनुभवाच्या टप्प्यांप्रमाणे ५,००० ते ८,००० रुपयांची आणखी वाढ मिळाली. म्हणजे या व्यवस्थेत पंधरा वर्षे उमेदीची गेली तर त्यांचे मोल महिन्याला काही हजारांच्या फरकाइतके धरले जाते, आणि तेही सुट्टीच्या महिन्यांत नाही. एकाच वर्गात, त्याच अभ्यासक्रमाला शिकवणाऱ्या दोन माणसांत इतके अंतर असणे मला न्याय्य वाटत नाही आणि तसे मी सरांना स्पष्ट सांगितले. समुपदेशकाने तटस्थ राहावे हे खरे, पण अन्यायाला अन्याय म्हणायलाही कचरले तर समोरच्याला आपल्याच डोक्यात बिघाड असल्याची शंका येऊ लागते.

त्यांनी न्यायालयाचेही विचारले. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या जगजितसिंग निकालात समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना लावले आहे, इतके मी सांगू शकले. त्यांच्या नेमणुकीच्या आदेशातील शब्दांना ते कितपत लागू पडते हे वकिलाने पाहायचे. तो रस्ता संघटनेबरोबर चालायचा असतो, एकट्याने चालल्यास घरखर्च आणि मन दोन्ही खचतात, हेही सांगितले.

पण त्या कागदावर पाहण्यासारखी आणखी एक बाब होती आणि ती मला सर्वांत जड गेली. सरांना वाटत होते की उद्या नियमित नेमणूक झालीच तर सोळा वर्षांचा अनुभव पदोन्नतीत धरला जाईल आणि ते एकदम वरच्या श्रेणीत जातील. २०१८ च्या नियमावलीत तात्पुरत्या वा कंत्राटी सेवेची वर्षे धरता येतात, पण त्यासाठी पदाची पात्रता त्या काळातही असली पाहिजे, नेमणूक रीतसर निवड समितीच्या शिफारशीने झालेली असली पाहिजे आणि त्या काळातले एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या वेतनापेक्षा कमी नसले पाहिजे. तिसरी अट वाचली की अतिथी व्याख्यात्याचा विषय तिथेच संपतो. कमी पगार दिला, म्हणून वर्षे धरायची नाहीत, असा तो उलटा न्याय आहे. मी कलम वाचून दाखवले तेव्हा सर बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, ‘‘आमच्या बाबांना साडीमागं मजुरी मिळायची. माग बंद, मजुरी बंद. ते म्हणायचे, तू शीक, तुला महिन्याचा पगार मिळंल. मी पण तासामागं मजुरीच केली म्हणा की.’’

त्या भेटीत आम्ही पुढचे काहीच बोललो नाही. सोळा वर्षे हिशेबात येणार नाहीत हे कळल्यावर माणसाला ताबडतोब ‘मग आता असे करा’ म्हणून कामाला लावणे योग्य नसते. त्या वर्षांचा शोक व्हावा लागतो. मी त्यांना घरी जाऊन एवढेच करायला सांगितले की, या सोळा वर्षांत ज्यांना शिकवले त्यांतले जितके विद्यार्थी आठवतील तितके, ते आज काय करतात यासह वहीत लिहायचे. ते काही मोठे औषध नव्हे. पगाराच्या रकान्यात जी वर्षे बसत नाहीत ती दुसऱ्या कुठल्या तरी वहीत असावीत, इतकाच त्यामागचा विचार.

पुढच्या भेटीला पत्नीही आल्या. सेटची गोष्ट सरांनी त्यांना आदल्या रात्री सांगितली होती. मला वाटले होते की त्या रागावलेल्या असतील. त्या म्हणाल्या, ‘‘मला माहीत होतं मॅडम. सर्टिफिकेटवर पाठीमागं लिहिलेलं मी वाचलं होतं कधीतरी. ह्यांना वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. पैशाचं आम्ही कसंही भागवतो. हे घरी आले की बोलत नाहीत, ते मला जड जातंय.’’ दोघेही एकमेकांना वाईट वाटू नये म्हणून इतकी वर्षे एकाच गोष्टीवर गप्प होते. त्या तासात मला फारसे बोलावे लागले नाही.

मग व्यवहाराकडे वळलो. आधी जे मिटले आहे ते बाजूला काढायचे, असे मी सुचवले. शासकीय महाविद्यालयांच्या थेट भरतीला प्रवर्गानुसार वयोमर्यादा असते. पुढची जाहिरात कधी येईल आणि तेव्हा आपण मर्यादेत असू का, हे हातात नाही, म्हणून त्यावर घर बांधायचे नाही. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीलाही वयाची अट आहे, ती केव्हाच ओलांडली. परंतु सहायक प्राध्यापक पदाच्या पात्रतेसाठी नेट किंवा सेट देण्यास वरची वयोमर्यादा नाही. ही एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते, आणि ‘आता वय झाले’ या वाक्याखाली ती गाडली जाते. के-सेट उत्तीर्ण झाल्यास सरांचा लाभ लगेचचा होता: अतिथी व्याख्यात्यांच्या यादीत अपात्रांच्या रांगेतून पात्रांच्या रांगेत येणे, आणि मानधनात २८ चे ३२ हजार, वरची अनुभवाची वाढ वेगळी. महिन्याचे चार हजार म्हणजे मुलीच्या शिकवणीची फी आणि थोडे वर. यापेक्षा मोठा आकडा मी त्यांच्यासमोर ठेवला नाही. नेट निघाली तर ती दोन्ही राज्यांत चालेल, हे मात्र सांगितले.

महाराष्ट्राचा पर्यायही तपासला. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठी भाषकांना त्या राज्याच्या शासकीय भरतीत रहिवासाच्या दाखल्यावर अर्ज करता येतो आणि सरांची सेट तिथे चालतेच. पण चंदगड, गडहिंग्लज भागातल्या महाविद्यालयांत जे मिळण्याची शक्यता होती ते तासिका तत्त्वावरचे काम, म्हणजे हद्द ओलांडून पुन्हा मजुरीच. वडील आजारी, मुलगी आठवीत. त्यांनी तो कागद दुमडून ठेवला.

पीएच.डी.वर आमचे एकमत झाले नाही. मला वाटत होते की या वयात, या उत्पन्नात, पाच-सहा वर्षांचा तो भार घेऊ नये. २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि साधारणपणे कमाल सहा वर्षे, अर्धवेळ करता येते. म्हणजे उरकली तरी वय ४८-४९. मी विचारले की त्यानंतर काय. ‘‘त्यानंतर काही नाही,’’ ते म्हणाले. ‘‘खाजगी कॉलेजमध्ये थोडी किंमत वाढेल. पण मला विणकरांच्या मजुरीवर लिहायचं आहे. वडगाव-शहापुरात माग कसे बंद पडत गेले त्याचे आकडे माझ्याकडं पंधरा वर्षांचे आहेत.’’ पहिल्यांदाच ते पगारावाचून काहीतरी बोलत होते. मी माझा सल्ला मागे घेतला नाही, पण त्यावर अडूनही बसले नाही. फक्त के-सेट आधी, पीएच.डी. नंतर, इतके ठरले.

राहिली ती विद्यार्थिनी. तिच्याशी बोलण्याचा विषय मी काढला नव्हता. तो तिनेच सोपा केला. ग्रंथालयात येऊन तिने त्यांना सांगितले की परिवीक्षा चालू आहे, सेमिस्टरचा तिसरा घटक तिला नीट शिकवता येत नाही आणि विभागप्रमुखांना विचारायची भीती वाटते. बोलता बोलता हेही कळले की तिला नव्या निवृत्तिवेतन योजनेची धास्ती आहे, बदली कुठे होईल ठाऊक नाही आणि घरी लग्नाचा लकडा लागला आहे. तिच्या मते सुखात असलेले एकच गृहस्थ म्हणजे १९९६ वाले. आणि त्यांच्या मते ही मुलगी. सरांनी मला हे सांगितले तेव्हा त्यांच्या आवाजात जराशी गंमत होती. तिने त्यांना नेटच्या पहिल्या पेपरची पुस्तके दिली. कन्नडचे त्यांनी आठवीतल्या मुलीबरोबर बसून केले, कारण तिला शाळेत ते सक्तीचेच आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी के-सेट दिली आणि उत्तीर्ण झाले. या वेळी पेढे वाटले नाहीत. पत्नीने घरी पुरणपोळी केली, असे नंतर कळले. परमनंटचा प्रश्न जिथे होता तिथेच आहे. साडू अजून विचारतात. सर आता ‘नाही’ म्हणतात आणि जेवायला बसतात.

नियमित भेटी थांबून बरेच दिवस झाले होते. मग एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. पीएच.डी.साठी एक मार्गदर्शक घ्यायला तयार होते, विषयही त्यांना आवडला होता. मला आनंद झाला आणि मी अभिनंदन करू लागले, तेव्हा त्यांनी थांबवले. ‘‘नाही मॅडम, त्यांच्याकडं करत नाही. सेवा तीन वर्षांपेक्षा कमी उरली असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. मी त्यांची निवृत्तीची तारीख विचारून घेतली. दोन वर्षं दहा महिने राहिलेत. दुसरे कोणी मिळतात काय, ते बघतोय.’’